तपासणी नाल्याच्या खालच्या टोकापासून सुरू करा

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई.

प्रत माहितीसाठी : मा. मुख्य विस्फोटक नियंत्रक, पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना (पेसो), नागपूर.

विषय : तेलगळती रोखण्यासाठी होणाऱ्या तपासण्यांत उताराच्या खालच्या बाजूला राहणाऱ्या माणसांचा विचार करण्याबाबत.

महोदय,



हे पत्र मी बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा येथून लिहीत आहे. आमच्यापासून समुद्र शेकडो कोस दूर आहे. तेलगळती म्हटले की जहाज, काळ्या लाटा आणि तेलाने माखलेला पक्षी एवढेच लोकांच्या डोळ्यांपुढे येते, त्यामुळे कापूस-सोयाबीनच्या गावाने या विषयावर पत्र लिहावे याचे आपल्याला नवल वाटेल. पण तेल गावात शिरायला समुद्र लागत नाही. एक टाकी, एक उतार आणि एक नाला एवढे पुरते.

आपले मंडळ आणि पेसो आपापल्या ज्या तपासण्या करतात, त्यांत टाकी पाहिली जाते, परवाना पाहिला जातो, आगीची साधने पाहिली जातात. या टाकीतले तेल उद्या सांडले तर ते कोणाच्या दारात जाईल, हे विचारण्याची रीत मात्र नाही. ती सुरू करावी आणि तपासणी नाल्याच्या खालच्या टोकापासून करावी, एवढीच माझी मागणी आहे.

आधी आमच्याकडची परिस्थिती सांगतो. अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांना लागणारे पेट्रोल-डिझेल मुख्यतः अकोल्याजवळच्या गायगाव येथील डेपोंतून येते. तिथून भरलेले टँकर बाळापूर, खामगाव, नांदुरा, मलकापूर या पट्ट्यात रात्रंदिवस धावतात. पारसच्या औष्णिक वीज केंद्रात भट्टी पेटवायला तेल लागते. महामार्गालगत पंप आहेत, पंपांच्या पोटात जमिनीखालच्या टाक्या आहेत. प्रत्येक शिवारात डीपी, म्हणजे विजेचे रोहित्र, आहे आणि डीपीत तेल आहे. ते चोरण्यासाठी रोहित्र फोडले जाते तेव्हा चोराच्या कॅनमध्ये न मावलेले तेल वावरात मुरते. गॅरेजमधून निघालेले जळके ऑइल कायद्याने घातक कचरा आहे, पण गावोगावी ते वाळवी लागू नये म्हणून मेढींना फासले जाते आणि उरलेले गटारात जाते.

या सगळ्याचा उतार एकाच दिशेने आहे. ज्ञानगंगा, नळगंगा, विश्वगंगा, बोर्डी, मन या साऱ्या नद्या पूर्णेकडे जातात, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि ते पाणी पुढे हतनूरच्या धरणात साठते. आमच्या भागात वरच्या अंगाला सांडलेली कोणतीही गोष्ट खालच्या कोणाच्या तरी पाण्यात उतरते.

आता आपल्या देशात झालेल्या काही मोठ्या दुर्घटना एका ओळीत मांडून पाहावे, अशी विनंती आहे. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरच्या सीतापुरा भागातील इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोलची वाहिनी जोडताना झडप उघडी राहिली. सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत होते. टाकीभोवती तेल अडवण्यासाठी जी भिंत असते, तिच्यातून पाणी बाहेर सोडण्याची झडपही उघडी होती, म्हणून पेट्रोल पावसाळी गटारात गेले. स्फोट झाला, ११ जण दगावले आणि आग ११ दिवस जळत राहिली. ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागून चौघांचा मृत्यू झाला. पावसाळी पाण्याच्या वाहिनीत आग लागली, असे कंपनीनेच त्या दिवशी जाहीर केले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच उरणमध्ये कच्चे तेल नाल्यावाटे बाहेर पडून पिरवाडीच्या किनाऱ्यापर्यंत आले. त्याच वर्षी डिसेंबरात मिचाँग वादळाच्या पुरात चेन्नईजवळच्या मणलीतील तेलशुद्धीकरण कारखान्यातून तेल पाण्याबरोबर बकिंगहॅम कालव्यात आणि तिथून एन्नोरच्या खाडीत गेले. कोळ्यांची घरे, होड्या, जाळी सगळे काळे झाले. कारखान्याच्या आवारातील पावसाळी पाण्याच्या व्यवस्थेत त्रुटी होत्या, असा निष्कर्ष तमिळनाडूच्या प्रदूषण मंडळाने काढला.

चारही ठिकाणी तेलाची वाट एकच होती : पावसाच्या पाण्यासाठी बांधलेले गटार. उंच टाक्या, भिंती, फेसाचे पंप, इशाऱ्याचे भोंगे या सगळ्यांकडे तपासनिसाचे लक्ष जाते, कारण ते कुंपणाच्या आत आहेत. गटार कुंपणाबाहेर जाते. जिथे कुंपण संपते तिथे तपासणीही संपते, आणि माणसांची वस्ती तिथूनच सुरू होते.

त्या वस्तीत कोण राहते, हेही आपण जाणता. डेपोभोवतीची, महामार्गालगतची, नाल्याकाठची जमीन स्वस्त असते किंवा कोणाच्याच नावावर नसते. तिथे पारध्यांचा बेडा, म्हणजे वस्ती, असतो, हंगामी मजुरांच्या झोपड्या असतात, हमालांची, क्लीनरची, टायर पंक्चर काढणाऱ्यांची घरे असतात. शहरात हीच गोष्ट मोठ्या आकारात दिसते. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर तिथल्या कुटुंबांना माहुलला पाठवले गेले. समोर तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या होत्या. केईएम रुग्णालयाच्या पाहणीत माहुलकरांच्या श्वासाच्या आणि डोळ्यांच्या तक्रारी आधीच नोंदल्या गेल्या होत्या. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माहुलला कोणाला जबरदस्तीने पाठवू नये आणि तिथून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना महिना १५,००० रुपये भाडे द्यावे, असा आदेश दिला. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने बीपीसीएल, एचपीसीएल, एजिस आणि सी लॉर्ड या चार कंपन्यांना मिळून २८६ कोटींहून अधिक भरपाई भरायला सांगितली. त्या लढ्याच्या आघाडीला माहुल-आंबापाड्याचे कोळी होते. कारखाने येण्याच्या आधीपासून ते तिथे राहत आले आहेत.

म्हणजे बाजूने आदेश मिळाले. पण ते मिळायला श्वास कोंडलेल्या माणसांना न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. टाक्यांच्या शेजारी राहणाऱ्यांकडे पहिल्याच तपासणीच्या वेळी कोणी पाहिले असते, तर हा सगळा प्रवास टळला असता.

समुद्राकाठीही तेच झाले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजे धडकली आणि सुमारे ८०० टन इंधन तेल समुद्रात गेले. तिवरांच्या मुळांवर काळा थर बसला, मासेमारी थांबली आणि बाजारात लोकांनी मासळी घेणे बंद केले. त्या दिवसांत टोपली घेऊन परत फिरणाऱ्या कोळिणींचे नुकसान कोणत्या कागदावर मांडले गेले? पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ रोजी, एमव्ही राक हे कोळशाचे जहाज तेलासह बुडाले. त्याच्या मालकांनी १०० कोटी भरावेत, असा लवादाचा निकाल यायला ऑगस्ट २०१६ उजाडले. लवादाने २०१५ मध्ये उरण-गव्हाणची १,६३० मच्छीमार कुटुंबे बाधित धरली आणि जेएनपीटी, सिडको व ओएनजीसी यांनी मिळून त्यांना ९५ कोटींहून अधिक रक्कम द्यावी, असा आदेश दिला. तो वाद तिवरे आणि मासेमारीचे मार्ग बुजवल्याचा होता, तेलाचा नव्हता. तरीही त्यातला एक मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. ही १,६३० कुटुंबे मोजली गेली ती नुकसान झाल्यावर. नुकसान झाल्यावर मोजता येतात ती माणसे आधीही मोजता येतात. आधी मोजण्याची सक्ती तेवढी हवी.

आता आपल्या तपासणीच्या पद्धतीबद्दल आदरपूर्वक दोन गोष्टी मांडतो. कोणत्या उद्योगाला किती वेळा भेट द्यायची हे मंडळ ठरवते ते त्या उद्योगाच्या गटावरून, म्हणजे लाल, नारंगी, हिरवा या वर्गवारीवरून, आणि त्यात गुंतवलेल्या भांडवलावरून. प्रदूषणाची क्षमता पाहणे योग्यच आहे. पण भांडवल हे धोक्याचे माप कसे होऊ शकते? जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या खारपाणपट्ट्यातील एकमेव गोड्या विहिरीच्या वर बसलेली छोटी टाकी ही समुद्राकाठच्या मोठ्या टाकीपेक्षा त्या गावाला जास्त घातक असू शकते. भांडवलाच्या हिशेबात ती यादीच्या तळाला जाते.

दुसरी गोष्ट पंपांची. ७ जानेवारी २०२० रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्या पेट्रोल पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, १० किंवा अधिक खाटांची रुग्णालये आणि निवासी भाग यांच्यापासून ५० मीटर अंतर हवे, अडचण असेल तर जादा सुरक्षेसह किमान ३० मीटर. सूचना चांगल्या आहेत. पण निवासी भाग म्हणजे स्थानिक कायद्यानुसार निवासी म्हणून नेमून दिलेला भाग, असे त्यात म्हटले आहे. ज्यांची घरे सातबाऱ्यावर नाहीत, गावठाणात नाहीत, विकास आराखड्यात नाहीत, त्यांच्या झोपडीपासून अंतर मोजायला हा नियम कोणालाही भाग पाडत नाही. पेट्रोलची वाफ सातबारा पाहून पसरत नाही. नियमाने ज्यांना वगळले त्यांना धोक्याने वगळलेले नाही, आणि हे सुधारायला मंडळाने आपल्या संमतीपत्रात, म्हणजे व्यवसाय चालवायला दिलेल्या परवानगीत, एक अट घालावी.

आमच्या भागाची माती आणि पाणी हाही तपासणीचा भाग व्हायला हवा, असे मी म्हणतो त्याचे कारण सांगतो. आमची काळी जमीन उन्हाळ्यात तडकते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एप्रिल-मेमध्ये सांडलेले डिझेल त्या भेगांतून थेट खाली उतरते आणि खालच्या मुरमाच्या, फुटक्या खडकाच्या थरांतून विहिरीकडे सरकते. पावसाळ्यात हीच माती फुगून घट्ट होते, तेव्हा तेल मुरत नाही, पाण्याबरोबर नाल्याला लागते. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात आठ महिन्यांची सांडलवंड एकदम वाहून येते. त्याच दिवसांत गावातल्या विहिरींना नवे पाणी येते, गुरे नाल्यावर जातात आणि पऱ्हाटीची लागवड सुरू होते.

त्यात पूर्णेचे खोरे खारपाणपट्ट्याचे आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील शेकडो गावांत जमिनीखालचे पाणी खारट आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागांत मूत्रपिंडाच्या आजाराने घरेच्या घरे खचली आहेत. अशा ठिकाणी गोडे पाणी म्हणजे धरणाचे पाणी, नळयोजनेची एखादी विहीर किंवा टँकर. मुंबईत एक स्रोत बिघडला तर दुसरा जोडता येतो. इथे दुसरा नाही. ज्याच्याकडे एकच घागर आहे, त्याच्या घागरीत पडलेला थेंब मोजताना वेगळा तराजू लागतो. पर्यावरणीय न्याय म्हणतात तो यापेक्षा वेगळा काही नाही.

आणि हा थेंब आमच्या कोणत्याही तपासणीत सापडत नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना पाणी तपासायचे प्रशिक्षण दिले जाते. त्यांच्या पेटीत नायट्रेट, फ्लोराइड, लोह, क्लोराइड, कठीणपणा यांच्या चाचण्या असतात. पेट्रोल-डिझेलमधील बेंझीनची चाचणी त्यात नसते. बेंझीन कर्करोगास कारण ठरते आणि जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ठरवली आहे. एवढ्या कमी प्रमाणात ते पाण्यात आहे हे नाकाला किंवा जिभेला कळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा पथके आली, पाण्याचे नमुने गेले, दिल्ली-चेन्नईहून तज्ज्ञ आले. त्याचा तेलाशी काही संबंध नव्हता. पण त्या दिवसांत या जिल्ह्याला एक गोष्ट कळली : आमच्या पाण्याकडे बारकाईने पाहिले जाते ते आमच्या अंगावर काही दिसू लागल्यावर. तेलाच्या बाबतीत अंगावर दिसेपर्यंत थांबणे परवडणारे नाही.

जगात पर्यावरणीय न्यायाचा विचार तेलापासूनच पुढे आला, हे इथे नमूद करावेसे वाटते. १९७८ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात रोहित्रांतील विषारी तेल टँकरमधून रात्री रस्त्यांच्या कडेला सोडून देण्यात आले. ती माती खणून काढल्यावर पुरायची कुठे, तर बहुसंख्य काळ्या आणि गरीब लोकवस्तीच्या वॉरन काउंटीत, असे सरकारने ठरवले. १९८२ मध्ये तिथल्या लोकांनी ट्रकपुढे रस्त्यावर आडवे पडून विरोध केला. पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. ती माती तिथे पुरली गेलीच, पण त्या आंदोलनातून पर्यावरणीय न्यायाची चळवळ उभी राहिली आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी सर्व खात्यांना गरीब आणि अल्पसंख्य वस्त्यांवरचा प्रदूषणाचा जादा भार पाहण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२५ मध्ये तो आदेश एका सहीने रद्दही झाला.

यातून दोन धडे घेण्यासारखे आहेत. पहिला, असा विचार आदेशापुरता ठेवला तर तो आदेश काढणाऱ्याच्या मर्जीवर राहतो, म्हणून तो तपासणीच्या नमुन्यात आणि संमतीपत्राच्या अटींत लिहिला पाहिजे. दुसरा धडा त्याच देशाच्या तेलसाठ्यांच्या नियमांत आहे. जमिनीवर १,३२० गॅलन, म्हणजे सुमारे ५,००० लिटरहून अधिक तेल साठवणाऱ्या आणि जिथले तेल नदी-ओढ्यात पोहोचू शकते अशा ठिकाणांना गळती रोखण्याचा लेखी आराखडा ठेवावा लागतो. मोठ्या साठ्यांना आणखी एक प्रश्न विचारला जातो : इथली गळती एखाद्या सार्वजनिक पाणीयोजनेचा उपसा बंद पाडू शकते का? उत्तर होय असेल तर त्या साठ्यावरची बंधने वाढतात. ज्ञानगंगेच्या प्रकल्पातून खामगावकरांना पाणी मिळते. आमच्या भागातील प्रत्येक साठ्याला हा एक प्रश्न विचारायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली, प्रत्येक डेपो, पंप आणि मोठ्या साठ्याच्या संमतीपत्रासोबत खालच्या टोकाचा नकाशा असावा. तेल सुटले तर कोणत्या गटारातून कोणत्या नाल्यात आणि कुठपर्यंत जाईल, वाटेत कोणाच्या विहिरी, पाणवठे, नळयोजना, शेती आणि वस्त्या आहेत, हे त्यात दाखवावे. वस्ती कागदोपत्री नोंदलेली असो वा नसो, माणसे राहतात तर ती नकाशावर यावी.

दुसरी, तपासणीचा क्रम या नकाशावरून ठरावा. जिथे पाण्याचा एकच स्रोत आहे, जिथे जमिनीखालचे पाणी खारे आहे, जिथे तक्रार करण्याइतकी ताकद नसलेली माणसे राहतात, ती ठिकाणे यादीत वर यावीत. एक तपासणी मृगाआधी मेमध्ये आणि दुसरी जोराचा पाऊस चालू असताना व्हावी. कोरड्या गटारातून काहीच वाहत नसते, म्हणून कोरड्या दिवसांतल्या अहवालावर विसंबून राहता येत नाही.

तिसरी, तपासनिसाने आधी नाल्याच्या खालच्या टोकाला जावे आणि तिथून वर चालत यावे. पाणीपुरवठा समितीतील महिला, रोज त्या नाल्यावर गुरे नेणारा गुराखी आणि वस्तीतील एक माणूस सोबत असावा. पाण्यावर तवंग कधी दिसला, वास कधी येतो, रात्री कोणते टँकर कुठे धुतले जातात, हे त्यांना ठाऊक असते. त्यांचे म्हणणे मराठीत लिहून, त्यांना वाचून दाखवून अहवालाला जोडावे. डेपोतील कंत्राटी कामगारांशी मालक आणि मुकादम समोर नसताना बोलावे. गळतीचा पहिला घाव त्यांच्यावरच पडतो.

चौथी, अहवाल पंधरा दिवसांत ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि मंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत लागावा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये अशी माहिती आपणहून जाहीर करण्याचे बंधन आहेच. गावकऱ्याला अर्ज करून, दहा रुपयांचे तिकीट लावून महिनाभर वाट पाहायला लावू नये.

पाचवी, मोठ्या साठ्यांच्या खालच्या बाजूच्या विहिरींतील पाण्याची तेल आणि बेंझीनसाठी वर्षातून दोनदा प्रयोगशाळेत तपासणी व्हावी. खर्च परवानाधारकाने सोसावा आणि नमुना मात्र मंडळाने घ्यावा.

सहावी, जल कायद्याच्या कलम ३१ नुसार अपघात झाला की मंडळाला लगेच कळवावे लागते. संमतीपत्राच्या अटीत सरपंच आणि पोलीस पाटील यांनाही तासाभरात कळवण्याचे बंधन घालावे. मंडळाला कळले आणि गावाला कळले नाही, तर बायका त्याच विहिरीवर घागरी घेऊन जातील. पर्यायी पाण्याचा टँकर कोण, किती वेळात देणार, हेही आधीच लिहिलेले असावे.

सातवी, पेसो आणि मंडळ यांनी वर्षातून एकदा तरी एकत्र तपासणी करावी. आज आगीचा धोका एकाच्या कागदावर आणि पाण्याचा धोका दुसऱ्याच्या कागदावर राहतो. वाहणाऱ्या तेलाला हे दोन विभाग माहीत नसतात.

महोदय, मंडळाकडे माणसे अपुरी आहेत आणि एकेका अधिकाऱ्यावर अनेक तालुक्यांचा भार आहे, हे आम्ही जाणतो. आमचा जिल्हा अमरावती-अकोल्याच्या कार्यालयांतून पाहिला जातो, अंतरे मोठी आहेत. पण मी जे मागतो आहे त्याला बहुतांशी जादा माणसे लागत नाहीत. आहेत त्याच भेटींचा क्रम बदलायचा आहे आणि गावातल्या जाणत्या माणसांना त्या कामात सामील करून घ्यायचे आहे. गावोगावची प्रशिक्षित महिला पथके, ग्रामसेवक, पोलीस पाटील हे सगळे आधीपासून आहेत. त्यांच्या नजरेची नोंद घेतली तर मंडळाचे हात वाढतील.

पंप चालवणारेही आमच्याच गावांतले आहेत, त्यांच्यावर राग नाही. टाकी गळते तेव्हा त्यांचाही माल जातो. बहुतेकांना नियम पाळायचे असतात, पण नेमके काय पाहायचे हे कोणी नीट समजावलेले नसते. जमिनीखालच्या टाकीतील साठ्याचा रोजचा हिशेब आणि मापकाठीचे आकडे सतत जुळत नसतील तर ती गळतीची पहिली खूण असते. तपासनिसाने दंडाच्या भाषेआधी हे शिकवले, तर अर्धे काम तिथेच होईल.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण शहरात तिच्यावरून आमच्या लोकांना नावे ठेवली जातात. महामार्गावर टँकर उलटला की आसपासची माणसे कॅन, बादल्या घेऊन धावतात. चित्रफिती पसरतात, लोक हसतात. पाकिस्तानात अहमदपूर शर्कियाजवळ २५ जून २०१७ रोजी असेच सांडलेले पेट्रोल गोळा करताना आग लागली आणि २०० हून अधिक माणसे जळून मेली. ती माणसे मूर्ख नव्हती. घरात पैसा नसताना रस्त्यावर वाहून चाललेले इंधन पाहिले की माणूस धावतो, आणि ते किती घातक आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. महामार्गालगतच्या प्रत्येक गावात हे सांगितले गेले पाहिजे. तपासणीसाठी येणाऱ्या अधिकाऱ्याने शाळेत अर्धा तास मुलांशी बोलावे. त्या मुलांच्या तोंडून ते घराघरांत पोहोचेल.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. १९९६ मध्ये वेल्लोरच्या खटल्यात सावधगिरीचे तत्त्व या देशाच्या कायद्याचा भाग मानले. सावधगिरी म्हणजे धोका घडायच्या आधी हालचाल. तो हक्क मलबार हिलला जेवढा आहे तेवढाच माहुलला आहे, पिरवाडीला आहे आणि पूर्णेच्या काठावरच्या बेड्यालाही आहे.

पहिले पाऊल म्हणून एक छोटे काम आपण या उन्हाळ्यातच हाती घ्यावे. गायगावपासून मलकापूरपर्यंतच्या पट्ट्यातील सर्व डेपो आणि पंपांची खालच्या टोकापासून एक तपासणी करावी, पेसोच्या अधिकाऱ्यांना सोबत घ्यावे आणि अहवाल त्या त्या गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. आमच्याकडून लागेल ती मदत आम्ही करू. नाले आम्हाला पाठ आहेत, वाट दाखवायला माणसे तयार आहेत. जे या पट्ट्यात जमेल ते उरणला, माहुलला आणि राज्यातील प्रत्येक तेलसाठ्याला लागू करता येईल.

आपण या पत्राचे लेखी उत्तर द्यावे आणि तपासणीची तारीख गावांना आधी कळवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
पिंपळगाव राजा येथील एक रहिवासी,
ता. खामगाव, जि. बुलढाणा